भाड्याची भांडणं आणि चुकीची खिडकी

या वेळच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं भाड्याच्या घरांची. गंमत म्हणजे जवळपास प्रत्येक जण आधी वॉर्ड ऑफिसला चक्कर मारून, "हे आमच्याकडे येत नाही" ऐकून मग इकडे लिहितोय. म्हणून आधीच सांगून टाकतो, भाडं किती असावं, डिपॉझिट परत कधी, घर कोणी खाली करायचं यातलं काहीच महापालिका ठरवत नाही. तिच्या हातात इमारत, पाणी आणि टॅक्स. बाकी सगळं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आणि कोर्ट.

प्रश्न : पुण्यात पेठेतल्या वाड्यात आम्ही आजोबांपासून भाड्याने राहतो. मालकाला बिल्डरला द्यायचाय. चार महिन्यांपासून भाडं घेत नाही, आता पाण्याची मोटर बंद करून मोटरच्या खोलीला कुलूप लावलंय, आम्ही हंडे भरतोय. वर महापालिकेची "इमारत धोकादायक आहे, खाली करा" अशी नोटीस आलीये. खाली केलं तर हक्क जाईल का?

उत्तर : यात तीन वेगळी प्रकरणं आहेत, ती तुम्ही एकत्र बांधू नका.

आधी भाडं. मालक घेत नाही म्हणून गप्प बसलात तर सहा महिन्यांनी तोच म्हणणार की हे भाडंच देत नाहीत, आणि थकबाकी हे घर खाली करायला लावायचं अगदी जुनं कारण आहे. त्यामुळे दर महिन्याला मनीऑर्डर करा, "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आली की ती पावती फाईलला लावा. तो शेरा तुमच्या बाजूने बोलतो. जुन्या भाडेपावत्या, लाईटबिलं, रेशनकार्ड हे सगळं एका पिशवीत घाला आणि ती पिशवी वाड्यात ठेवू नका, नातेवाईकाकडे ठेवा (पावसाळ्यात भिंत कोसळली आणि कागद ढिगाऱ्याखाली गेले असं मी स्वतः बघितलंय).

पाणी. 1999 च्या कायद्याचं कलम 29 याच्यासाठीच आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई या आवश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडायचा मालकाला अधिकार नाही, आणि तोडल्या तर कोर्ट त्या पुन्हा सुरू करायचा आदेश देऊ शकतं. पुण्यात हे काम लघुवाद न्यायालयात जातं. कुलपाचा फोटो काढा, तारीख दिसेल असा, शेजारच्या दोन भाडेकरूंच्या सह्या घ्या आणि वकिलाकडे जा. कुलूप स्वतः तोडू नका, राग येतो हे कळतं पण मग फिर्याद तुमच्यावरच होते.

आता नोटीस. ती खरी असेल, म्हणजे इमारत खरंच पडायला आली असेल, तर हक्कासाठी आत बसून राहण्यात अर्थ नाही, जीव आधी. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये स्पष्ट केलंय, जमीन राहते आणि तिच्यावरचा भाडेकरूचा हक्कही राहतो. पण हा हक्क सिद्ध करायला तुमची खोली नेमकी किती होती हे कुठेतरी लिहिलेलं लागतं. त्यामुळे बाहेर पडायच्या आधी महापालिकेला लेखी अर्ज द्या की आमच्या खोलीचं मोजमाप करून पंचनामा करा, भाडेकरू म्हणून आमचं नाव यादीत घ्या, आणि अर्जाच्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं तिथल्या टेबलावरच राहतं. नोटीस संशयास्पद वाटत असेल, म्हणजे चांगला भक्कम वाडा आणि मालकाच्या इंजिनिअरचा रिपोर्ट, तर वाड्यातल्या सगळ्यांनी वर्गणी काढून दुसरा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्या आणि तो महापालिकेत जोडा.

प्रश्न : मी नोकरीसाठी पुण्यात भाड्याने राहते. मालक म्हणतात अकरा महिन्यांचंच आहे तर रजिस्टर कशाला, शिवाय केलं तर टॅक्स वाढतो. 18,000 भाडं, 50,000 डिपॉझिट. काय करू?

उत्तर : अकरा महिन्यांचं हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की विचारू नका. आपल्या राज्यात त्याच 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुमच्यासारखा ठराविक मुदतीचा भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. आणि जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलटं सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं, शिवाय मालकाला शिक्षाही होऊ शकते. हे त्यांना गोडीत सांगा, बरेच मालक एवढ्यावर तयार होतात.

खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, यावर 0.25 टक्के. तुमच्या आकड्यात ती पाचशेच्या आसपास बसते, वर शहरात नोंदणी फी 1,000. ऑनलाईन होतं, एजंट घरी येऊन अंगठा घेतो, त्याचे पैसे वेगळे. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ती वेगळी, ती मालकाकडून भरून घ्या.

टॅक्सचं खरं कारण मला वाटतं ते वेगळंच आहे. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात 40 टक्के सवलत देते, त्यासाठी पीटी-3 फॉर्म भरावा लागतो. घर भाड्याने दिलं की ती सवलत लागू नाही. सवलत घेत राहायची आणि भाडंही खायचं, म्हणून करार कागदावर नको. हा त्यांचा आणि महापालिकेचा मामला, त्यासाठी तुम्ही बिनकागदाचं 50,000 डिपॉझिट अडकवायची गरज नाही. डिपॉझिट रोख तर अजिबात देऊ नका.

प्रश्न : फ्लॅट भाड्याने दिलाय म्हणून सोसायटी मेंटेनन्सच्या दुप्पट मागतेय, आणि म्हणते बॅचलर ठेवायचे नाहीत.

उत्तर : बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते जादा पैसे, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, ऑगस्ट 2001 चा शासन निर्णय आहे, आणि ते 10 टक्के काढताना महापालिकेचा टॅक्स धरायचा नाही. दुप्पट वगैरे काही नाही. बॅचलरबद्दल कमिटीला फार तर विनंती करता येते. भाडेकरू ठेवायला परवानगी लागत नाही, कळवायचं असतं, कराराची प्रत द्या आणि पोच घ्या. ऐकत नसतील तर तक्रार उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. इथेही वॉर्ड ऑफिस नाही!

प्रश्न : म्हाडाच्या लॉटरीत घर लागून दोन वर्षं झाली. मुलीच्या शिक्षणासाठी विकायचंय. एजंट म्हणतो पॉवर ऑफ ॲटर्नी करून देतो, पाच वर्षांनी नावावर करू.

उत्तर : नका करू. घर सवलतीत मिळालंय म्हणूनच पाच वर्षं विकायला बंदी आहे, आणि पॉवर ऑफ ॲटर्नी म्हणजे विक्री नव्हे. पकडलं गेलं तर घर जातं तुमचं, एजंट आपलं कमिशन घेऊन पुढच्या गल्लीत. घेणाराही तीन वर्षांनी भाव वाढलेला बघून तुमच्याकडे वेगळ्याच आवाजात बोलायला लागतो. पैसा लागणार असेल तर आधी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. घरावरच कर्ज काढायचं झालं तर म्हाडाच्या मिळकत व्यवस्थापकाकडे लेखी ना-हरकत मागावी लागेल, तेव्हा वाटपपत्र आणि ताबापावती दोन्ही सोबत न्या, नाहीतर दुसरी चक्कर.