पोळ्यानंतर मांडा, होळीआधी आवरा : शाळेतल्या फिश टँकविषयी प्रश्नोत्तरे

गावतलावातले मासे वर्गात ठेवून मुलांना तलाव शिकवता येतो, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतून पत्रं आली. त्यातली काही इथे घेतो.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेला दोन फुटी टँक भेट मिळाला. मागच्या वर्षी दुकानातून गोल्डफिश आणले, आठ दिवसांत सगळे मेले. मुलं रडली. पुन्हा करावं का? (शिक्षिका, ता. लाखांदूर)

करा बाई, पण मासे तलावातलेच आणा. गोल्डफिश मूळचा चीनचा. त्याच्याकडे वर्षभर पाहूनही आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात काय चाललंय ते मुलाला कळत नाही.

मासे का मेले असतील, ते जवळपास नक्की सांगता येतं, कारण पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. टाकी धुतली, नळाचं पाणी भरलं, त्याच दिवशी पंधरा मासे सोडले. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागले. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. तलावात जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या काचेत ते जिवाणूच नसतात, ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे आधी तलावाच्या काठची मूठ-दोन मूठ रेती आणि हायड्रिला ही पाणवनस्पती टाकून (त्यांच्याबरोबर तलावातले जिवाणूही येतात) टाकी तीन आठवडे तशीच चालू ठेवा, मग दोनच मासे सोडा. तुमच्या टाकीत साधारण पन्नास लिटर पाणी मावेल, बोटाएवढे चार-पाच मासे त्यात पुष्कळ झाले. ग्रामपंचायतीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरा. आणि टाकी डुगडुगत्या बेंचवर नको, नुसतं पाणीच पन्नास किलोचं होतं.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. रविवारी उपास घडला तरी बिघडत नाही. पोषण आहारातल्या खिचडीची शितं मुलं प्रेमाने टाकतात, तेवढं मात्र थांबवा. तळाशी कुजलेलं शीत जिवाणूंच्या आवाक्याबाहेर जातं.

मासे आणायला मच्छीमार संस्थेला विचारून जा. बहुतेक तलावांचा ठेका संस्थेकडे असतो, आणि परवानगीपेक्षा त्यांची माहिती मोलाची. माझ्या वर्गात ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातली, एक मुलगी होती, सहामाहीपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. टाकीत मासा सोडला तशी ती पुढे आली, काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "गुरुजी, हे मादी आहे जी. पोट पाहा न इचं." मग तिने अकरा माशांची नावं सांगितली. त्यातली चार मला माहीत नव्हती. फळ्यावर तिनेच लिहिली. त्या दिवशीचा माझा तास तिनेच घेतला.

प्रश्न : आमच्याकडे भारनियमन आहे आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर जातो. एअर पंप बंद पडला की मासे जगतील का? (शिक्षक, ता. सिंदेवाही)

मे महिन्यात जगणार नाहीत, म्हणून मेपर्यंत ठेवूच नका. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 25 अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर असतो, 35 अंशांना सातच्या आसपास येतो, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. शाळा बंद, वीज गेलेली, वर पत्रे तापलेले. हा हट्ट कशासाठी?

माझा नियम आपल्या सणांवर बसवलेला आहे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला चढतात, तेव्हा त्यांना हात लावायचा नाही. पोळा झाला की टाकी मांडायची आणि होळीच्या आत आवरायची. थंडीत मासे कमी ठेवले आणि पाण्याचा पृष्ठभाग मोठा असला, तर काही तास पंपाशिवाय निभतं. तेवढ्यात मगाने पाणी उचलून वरून धार सोडत राहा. वनस्पतींच्या भरवशावर रात्र काढू नका, अंधारात त्याही प्राणवायूच घेतात.

प्रश्न : डासांसाठी मिळालेले गप्पी मासे टाकीत ठेवले होते. आता उरलेले तलावात सोडू का? (आशा कार्यकर्ती, ता. आरमोरी)

ताई, कृपा करून सोडू नका. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. बंदिस्त हौदात त्याचं काम ठीक आहे, पण तलावात गेला की पिल्लं देत सुटतो आणि परत काढता येत नाही. दुकानातला काळा 'सकर' मासा, तिलापिया, थाई मांगूर यांचंही तेच. थाई मांगूर पाळायला तर आपल्या देशात 2000 सालापासून बंदी आहे.

डासांच्या अळ्या आपले मासेही खातात. अंगावर काळी रेघ असलेला डांडवण (तुमच्याकडे नाव वेगळं असेल) एका बरणीत ठेवा, मोजून वीस अळ्या सोडा आणि दर पाच मिनिटांनी मुलांना मोजायला लावा.

प्रश्न : प्रदूषण दाखवायला टाकीत साबणाचं पाणी टाकावं का? (शिक्षक, ता. अर्जुनी मोरगाव)

नाही. मासा तडफडताना पाहून मूल एक तर घाबरतं, नाहीतर निर्ढावतं. ताटात पाणी घ्या, वर हळद भुरभुरा, साबणाचं बोट मध्ये टेकवा. हळद झर्रकन कडेला पळते. त्याच पाण्याच्या ताणावर पाणकिडे चालतात, हे मग घाटावर नेऊन दाखवा.

प्रश्न : एका पालकाने टाकीसाठी कासव आणून दिलं. पाय आत घेऊन पोटाकडून झाकण लावतं. (मुख्याध्यापिका, ता. साकोली)

आजच 1926 या वन विभागाच्या हेल्पलाइनला फोन करा. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पाळणं गुन्हा आहे. त्या पालकाला रागावू नका, त्याला माहीत नसणार.

प्रश्न : आमच्या टाकीत एक मरळ होती. होळीआधी गुरुजींनी तिला तलावात सोडलं. आता पाऊस सुरू झाला. ती आम्हाला ओळखेल का? (इयत्ता सहावी, ता. कुरखेडा)

बाळा, गुरुजींनी ती आणली त्याच तलावात सोडली आणि टाकीत दुकानातलं दुसरं काही नव्हतं, असं धरतो. तसं असेल तर बरं केलं.

टाकीत ती तुझ्या हाताशी यायची, खाण्यासाठी. तलावात तुझी सावली पडताच ती बुडी मारेल, आणि तेच तिच्या भल्याचं आहे. पण तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं, टाकीत दर थोड्या वेळाने यायची तशी. आता मरळीच्या जोड्या पाणवनस्पतींमध्ये थोडी जागा मोकळी करतात आणि अंडी तरंगत ठेवतात. पिल्लं झाली की तांबूस घोळका पाण्यावर उकळल्यासारखा हलतो, आणि खाली आईबाप राखण करत असतात. तिथे खडा मारू नको, कुणाला गळ टाकू देऊ नको.

सकाळी मोठ्या माणसाबरोबर तलावाच्या पाळीवर (बांधावर) जा आणि न हलता बस. कोणत्या काठाला घोळका दिसला, तिथे गवत-हायड्रिला होतं की बेशरमची झुडपं, ते वहीत लिही आणि मला पाठव.