वाचकांचे प्रश्न : ट्रॅप कॅमेऱ्यात नुसतं गवतच का येतं?

प्रश्न : मी पहिल्यांदाच ट्रॅप कॅमेरा घेतला. रानाच्या कडेला एका झाडाला छातीच्या उंचीवर, पायवाटेकडे तोंड करून बांधला. पंधरा दिवसांत नऊशेच्या वर फोटो निघाले, पण बहुतेकांत नुसतं गवत. दोन फोटोंत कुणाचं तरी शेपूट तेवढं आलंय. कॅमेरा सदोष आहे का?

उत्तर : कॅमेरा ठीक आहे, जागा आणि उंची चुकली आहे. या कॅमेऱ्याला प्राणी ‘दिसत’ नाही. त्याचा सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो. भोवतालच्या मानाने गरम किंवा थंड असं काही समोरून सरकलं की तो फोटो काढतो. उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं की त्याच्या लेखी तेही प्राणीच. उलट भर दुपारी जमीन प्राण्याच्या अंगाइतकीच तापलेली असली, तर समोरून प्राणी गेला तरी कॅमेरा गप्प राहू शकतो. म्हणून समोरचं गवत आणि लोंबत्या डहाळ्या काढा आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर सकाळ-संध्याकाळचं ऊन येणार नाही असं पाहा.

आता शेपटाचं. आडवा जाणारा प्राणी सेन्सरला पटकन कळतो, पण फोटो निघेपर्यंत तो चौकटीबाहेर पडलेला असतो. थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा प्राणी उशिरा कळतो. म्हणून कॅमेरा वाटेला तिरका लावायचा, तीन-चार मीटर अंतरावर आणि गुडघ्याच्या उंचीवर. छातीच्या उंचीवरच्या कॅमेऱ्याखालून ससा, मुंगूस, साळिंदर खुशाल निघून जातात. बांधून झालं की स्वतः हातापायांवर रांगत समोरून जा आणि ते फोटो तपासा. मी आजही ही चाचणी घेतल्याशिवाय जागा सोडत नाही.

पण पत्र वाचून मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. ते झाड तुम्ही का निवडलंत, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. त्या वाटेवर ठसे होते का? विष्ठा, लेंड्या, खरवडलेली साल, काट्याला अडकलेले केस? सकाळी वाटेवर आडवं कोळ्याचं अखंड जाळं दिसलं, तर जाळं विणल्यापासून त्या उंचीचं कुणी तिथून गेलेलं नाही, एवढं तरी कळतं. ओलसर बारीक माती वाटेवर हातभर रुंद पसरून हाताने सपाट करा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहा. चार-पाच ठिकाणी आठवडाभर हे केलंत की कॅमेरा कुठे लावायचा ते माती सांगेल. मी कॅमेरा बांधते तो अशी खूण सापडल्यावरच.

एकदा ओढ्याकाठच्या गाळात मला काडेपेटीच्या लांबीएवढे गोलसर ठसे मिळाले. रानमांजर, यात शंका नव्हती. काही ठसे मात्र दुहेरी होते, कडा विस्कटलेल्या. मांजर चालताना मागचा पाय बहुतेक वेळा पुढच्याच्या ठशावर टाकतं, म्हणून मी वहीत ‘मागचा पाय पुढच्यावर, जरा घसरलेला’ असं लिहिलं आणि तिथेच कॅमेरा लावला. तिसऱ्या रात्रीच्या फोटोत मांजरी होती आणि तिच्या अगदी मागे, तिच्याच पावलांवर पाऊल टाकत, एक पिल्लू. मी धावत ओढ्यावर गेले, गुडघे टेकून ते ठसे पुन्हा पाहिले. मोठ्या ठशाच्या आत लहान ठशाची कड सरळ दिसत होती. आधीही ती तिथेच होती, मी पाहिली नव्हती. कॅमेऱ्याचा मला सगळ्यात मोठा उपयोग झाला तो हा. माझं वाचन कुठे चुकलं ते त्याने दाखवलं.

आणि त्या रानात रोज वावरणाऱ्या माणसांना जरूर विचारा. व्हिएतनाममधली पिसोरी हरणाची एक जात 1990 नंतर शास्त्रज्ञांच्या नजरेस पडली नव्हती. संशोधकांनी आधी तिथल्या गावकऱ्यांशी आणि वनरक्षकांशी बोलून जागा ठरवल्या, मग कॅमेरे लावले. पहिल्या तीनच कॅमेऱ्यांत पाच महिन्यांत तिचे 275 फोटो आले. ही बातमी 2019 मध्ये जाहीर झाली.

प्रश्न : ठशात नखं उमटली नसतील तर तो बिबट्याचाच, असं एक जण छातीठोकपणे सांगतो. खरं का?

उत्तर : एवढ्यावर नाही. कडक जमिनीवर कुत्र्याची नखंही उमटत नाहीत आणि निसरड्या उतारावर मांजरकुळातला प्राणी नखं बाहेर काढतो. आधी तळव्याची गादी पाहा. मांजरकुळात ती ठशाच्या मानाने मोठी असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांची गादी लहान, तिकोनी. त्यांची मधली दोन बोटं बरोबरीने पुढे असतात आणि बोटं व गादी यांच्या मधल्या फटींतून फुलीसारख्या दोन रेघा काढता येतात.

मांजरकुळाचा ठसा डाव्या-उजव्या बाजूंनी सारखा नसतो. अंगठा दुमडून उजवा पंजा चिखलात दाबून पाहा. मधलं बोट सगळ्यांत पुढे येतं ना? मांजरकुळातही तेच बोट पुढे असतं, त्यावरून पाय डावा की उजवा ते ओळखता येतं. पाच बोटं स्पष्ट दिसली तर मुंगूस, पाणमांजर यांच्याकडे वळा. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा आणि ऊन तिरपं असताना काढा. डोक्यावरच्या उन्हात ठसा सपाट दिसतो. एका ठशावर निकाल देऊ नका, निदान दहा पावलं माग काढा. चाल कळली की निम्मी शंका फिटते.

प्रश्न : रात्रीच्या फ्लॅशने प्राणी बिथरतात का? आणि खाणं ठेवून त्यांना कॅमेऱ्यासमोर आणलं तर?

उत्तर : अमेरिकन छायाचित्रकार जॉर्ज शिरास यांचे वन्यप्राण्यांचे रात्रीचे फोटो ‘नॅशनल जिओग्राफिक’ने 1906 मध्ये छापले. हरणाचा पाय दोरीला लागला की कॅमेरा चालायचा आणि उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड धडाक्यात पेटायची. त्या मानाने आजचा इन्फ्रारेड उजेड खूपच सौम्य आहे. 850 नॅनोमीटर तरंगलांबीच्या इन्फ्रारेड दिव्यांची फिकट लाल चमक आपल्यालाही दिसते. 940 चे आपल्याला जवळजवळ दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. तरी काही प्राणी कॅमेऱ्याकडे टक लावून पाहतात. त्याचा बारीक आवाज आणि तुमच्या हातांचा वास त्यांना कळतो. कुणी वाट बदलल्याचं दिसलं तर कॅमेरा काढा.

खाणं ठेवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. एरवी एकमेकांना टाळणारे प्राणी एका जागी येतात, आजार पसरतात, माणसाच्या वासाशी खाण्याची सांगड बसते. शिवाय तुम्ही जे पाहता ती त्यांची रोजची वागणूक उरत नाही. पिल्लं असलेल्या बिळाच्या तोंडाशीही कॅमेरा नको. आई पिल्लं उचलून दुसरीकडे नेऊ शकते. ज्याची जमीन असेल त्याची किंवा वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. फोटो इंटरनेटवर टाकताना जागेचा पत्ता काढून टाका, शिकारीही ते फोटो पाहत असतात.

प्रश्न : विष्ठा फोडून पाहायची तर ती हाताळणं सुरक्षित आहे का?

उत्तर : उघड्या हाताने मुळीच नाही. काडीने उलगडा, नाकाजवळ नेऊ नका. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत कृमींची अंडी असू शकतात आणि त्यातली काही माणसालाही बाधतात. केस, हाडांचे तुकडे, खवले, बिया असं जे दिसेल ते तिथेच वहीत लिहा आणि विष्ठा होती तिथेच ठेवा. कित्येक प्राण्यांसाठी ती हद्दीची खूण असते.