शब्द वहीत राहतात, तोंडी येत नाहीत

प्रश्न : मी धंतोलीतील एका रुग्णालयाच्या स्वागतकक्षात काम करते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. गेल्या दिवाळीपासून मी रोज वीस इंग्रजी शब्द अर्थांसह वहीत लिहून पाठ करते. तीन वह्या भरल्या, तरी विमा कंपनीचा माणूस फोनवर इंग्रजीत बोलू लागला की त्यातला एकही शब्द आठवत नाही. परवा तर फजितीच झाली. ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे ‘उत्कृष्ट’ असे वहीत होते, म्हणून पत्रातील ‘आउटस्टँडिंग अमाउंट’ वाचून मी रुग्णाच्या मुलाला ‘चांगली रक्कम मंजूर झाली’ असे सांगून बसले. प्रत्यक्षात ती रक्कम भरायची बाकी होती. माझे चुकते कुठे?
— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : आपल्या वहीतील अर्थ चुकलेला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे उत्कृष्टच. परंतु रक्कम, कर्ज किंवा बिल शेजारी आले की तोच शब्द थकबाकी सांगू लागतो. आपण शब्द लिहिला, त्याचा शेजारी लिहिला नाही; फजितीचे मूळ तेवढेच आहे.

मराठीत हे कोणी शिकवावे लागत नाही, म्हणून ते आपल्या ध्यानातही येत नाही. ‘लागणे’ हे क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, मुलाला नोकरी लागते, वर्ध्याला जायला दीड तास लागतो, आणि मे महिन्यात नागपूरकराला ऊन लागते ते आणखी वेगळे. या साऱ्यांना पुरेल असा एक अर्थ सांगा म्हटले, तर मराठीचे प्राध्यापकही क्षणभर थांबतील. मात्र घरातले लहान मूल हे प्रयोग सहज करते, कारण त्याने ‘लागणे’ कधी सुटे ऐकलेलेच नसते. इंग्रजीतील ‘गेट’, ‘टेक’, ‘रन’ यांची गत अशीच आहे. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञांनी १९५७ साली नेमके हेच मांडले, की शब्दाची ओळख पटते ती त्याच्या संगतीवरून. हे फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, तेव्हा आपली अडचण त्यांना अगदीच परकी वाटली नसती.

आता आपल्याच टेबलावरचे कागद पाहा. ‘द पेशंट वॉज अ‍ॅडमिटेड ऑन मंडे’ हे वाक्य आपण रोज वाचता. तोच शब्द वर्तमानपत्रात ‘द मिनिस्टर अ‍ॅडमिटेड द डिले’ असा येतो, तेव्हा मंत्र्यांनी विलंब कबूल केलेला असतो. ‘डिस्चार्ज’ मिळाला की रुग्ण घरी जातो, बॅटरी ‘डिस्चार्ज’ झाली की उतरते, आणि तपासणीच्या कागदावर कानाच्या पुढे ‘डिस्चार्ज’ लिहिले असेल तर कानातून स्राव येतो आहे. आपल्या काउंटरवर ‘बिल’ म्हणजे देयक, तर डिसेंबरात विधानभवनात ‘बिल’ म्हणजे विधेयक. यातले किती शब्द आपल्या तीन वह्यांत एकेका अर्थानिशी नोंदलेले आहेत, ते एकदा तपासून पाहा.

तेव्हा रोज वीस शब्दांचा नेम सोडा, पाच पुरेत. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य जसेच्या तसे उतरवा, ते कोण कोणाला म्हणाले हेही लिहा, आणि मराठी अर्थ लिहायचाच तर अख्ख्या वाक्याचा लिहा. विमा कंपनीशी होणारे बोलणे बहुतेक वेळा मोजक्याच वाक्यांभोवती फिरते : ‘कुड यू प्लीज होल्ड फॉर अ मिनिट’, ‘द क्लेम इज अंडर प्रोसेस’, ‘आय विल गेट बॅक टु यू’. ती अख्खी तोंडी बसू द्या. ‘गेट’ आणि ‘बॅक’ सुटेसुटे कितीही घोकले तरी त्यांतून ‘मी तुम्हाला नंतर कळवते’ हा अर्थ हाती लागत नाही.

वाचनासाठी एक उपाय नागपूरकरांना विशेष सोयीचा आहे. सकाळी शहराची एखादी बातमी मराठी दैनिकात वाचावी आणि मग तीच बातमी ‘द हितवाद’मध्ये शोधावी. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सुरू केलेले हे इंग्रजी दैनिक नागपुरातल्या वाचनालयांत सहज मिळते. घडले काय ते आधीच ठाऊक असल्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ बातमीच पुरवते. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत ‘द हाऊस वॉज अ‍ॅडजर्न्ड’ हे वाक्य इतक्यांदा छापून येते, की ‘तहकूब’ हा अर्थ कोश न उघडताच कळतो. ‘टेबल्ड’ म्हणजे सभागृहापुढे मांडले, हेही तिथेच समजते. अमेरिकेत मात्र एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे तो बाजूला ठेवणे! तिथला वाचक आपली बातमी नेमकी उलटी समजेल.

संदर्भ सर्वच सांगतो, असे मात्र समजू नका. हू आणि पॉल नेशन या अभ्यासकांनी २००० साली दाखवून दिले, की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. दर ओळीत तीन शब्द अडत असतील तर तो मजकूर सध्या मिटून ठेवावा. अनोळखी शब्दाची ओळख अनोळखी शेजारी कशी करून देणार? शिवाय अंदाज बांधल्यावर तो कोशात ताडून पाहिलाच पाहिजे. चित्रपटाला ‘अनरिमार्केबल’ म्हटले तर ती नापसंती असते, पण सोनोग्राफीच्या अहवालात यकृतापुढे ‘अनरिमार्केबल’ असेल तर ती आनंदाची बातमी आहे, कारण तिथे दखल घेण्याजोगा दोष आढळलेला नाही. औषधाचे प्रमाण आणि पैशाचा आकडा या दोन ठिकाणी तर अंदाज मुळीच चालवू नये. डॉक्टरांना किंवा लेखा विभागाला सरळ विचारावे.

प्रश्न : मेट्रोत सीताबर्डीला चढलेल्या एका तरुणाने माझ्या शेजारची पिशवी दाखवून ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ असे विचारले. मी अगत्याने ‘येस, येस’ म्हणालो, तर तो बिचारा उभाच राहिला. ‘माइंड’ म्हणजे मन ना?
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : नाम म्हणून मन, हे खरेच. इथे मात्र ते क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ ‘हरकत असणे’ असा होतो. मी इथे बसलो तर आपली हरकत आहे का, असे त्याने विचारले आणि आपण दोनदा ‘हो’ म्हणालात. अशा वेळी ‘नॉट अ‍ॅट ऑल, प्लीज सिट’ म्हणून पिशवी उचलावी. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८ पासून ऐकू येणाऱ्या ‘माइंड द गॅप’ या सूचनेत याच क्रियापदाचा तिसरा अर्थ आहे : फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीकडे लक्ष द्या. मन, हरकत आणि लक्ष यांतले कोणते, ते वाक्याच्या घडणीवरूनच ठरते.

प्रश्न : ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) हा शब्द चुकीचा आहे, असे माझ्या मुलाचे शिक्षक म्हणतात. खरे काय?
— एक पालक, नागपूर

उत्तर : चुकीचा नाही, तो भारतीय इंग्रजीतला आहे आणि आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. नागपुरातल्या कार्यालयात ‘द मीटिंग इज प्रीपोन्ड’ असे बेलाशक लिहावे. पत्र लंडनला जाणार असेल तर ‘ब्रॉट फॉरवर्ड’ आणि न्यूयॉर्कला जाणार असेल तर ‘मूव्ह्ड अप’ लिहिणे बरे, कारण तिकडच्या अनेकांनी ‘प्रीपोन’ कधी ऐकलेलाच नसतो.