एरर नाही, तरी मॅनहोल ओव्हरफ्लो!

प्रश्न : नमस्कार सर, मी एका कन्सल्टंटकडे ज्युनिअर इंजिनिअर आहे. कुर्ल्याच्या बाजूच्या सिव्हर लाइनचा डेटा एसडब्ल्यूएमएममध्ये (पाइपमधल्या पाण्याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर) घेतलाय, मॅनहोलची शेपफाइल (नकाशाची डिजिटल फाइल) आणि जुन्या ड्रॉइंगवरून उतरवलेलं एक्सेल. इम्पोर्ट होतो, रनही होतो, एरर एकही नाही, पण पाऊस नसतानाच काही मॅनहोल भरून वाहतायत आणि बऱ्याच लाइनला फ्लो मायनस येतोय. चुकतंय कुठे?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : एरर आली नाही म्हणजे डेटा बरोबर, असं अजिबात धरू नका. डायनॅमिक वेव्हवर, म्हणजे उलटा प्रवाहही धरणाऱ्या हिशोबाच्या पद्धतीवर, हे सॉफ्टवेअर उलट्या ढाळाची लाइनसुद्धा चालवून घेतं, फक्त फ्लो मायनस, म्हणजे उलट्या दिशेने, दाखवतं. एखाद्या ठिकाणी असतं तर मी म्हटलं असतं की लाइन काढतानाच उलटी काढली गेली असेल, वरचा-खालचा नोड (लाइनच्या टोकाचं मॅनहोल) बदला की झालं, पण एवढ्या ठिकाणी म्हणजे घोळ लेव्हलचाच, उंचीच्या आकड्यांचाच.

मुंबईच्या जुन्या ड्रॉइंगवर लेव्हल टाउन हॉल डेटमच्या (उंची मोजायची मुंबईची जुनी स्थानिक शून्य-पातळी) असतात, त्याही बरेचदा फुटात, म्हणून रस्त्याची लेव्हल नव्वदच्या आसपास दिसते आणि नव्या सर्व्हेत तोच रस्ता समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर. हे दोन्ही एकाच कॉलममध्ये आले की संपलं. दोन्हीकडे सापडणारी पाच-सहा मॅनहोल घ्या, फुटाचे मीटर करा आणि दोन लेव्हलमधला फरक काढा. सगळीकडे सारखाच आला तर तो डेटमचा फरक, तेवढा वजा करून टाका.

सारखा नाही आला तर जास्त सांभाळा. आपल्याकडे डांबराचे थर चढून चढून रस्ते वर आलेत, झाकण वर आलं पण पाइप होता तिथेच आहे. नव्या सर्व्हेच्या झाकणाच्या लेव्हलमधून जुन्या ड्रॉइंगची खोली वजा केली तर इन्व्हर्ट (पाइपच्या आतल्या तळाची लेव्हल) उगाच तेवढी वर येते आणि मधलाच एक मॅनहोल कुबड काढून बसतो. लाँग प्रोफाइल (लाइनचा लांबीतला उभा छेद) काढून बघा, लगेच दिसेल. तिथे वॉर्डच्या लोकांना घेऊन झाकण उघडून परत मोजायचं, मोजायची पट्टी (स्टाफ) वरूनच सोडून, कुणालाही आत उतरवायचं नाही.

बाकी रिकामे सेल बघा, इम्पोर्टमध्ये ते शून्य होऊन बसतात आणि शून्य इन्व्हर्ट आपल्याकडे खरीही वाटू शकते. व्यास मिलिमीटरमध्ये असेल तर मीटर करा. दक्षिण मुंबईतल्या विटांच्या अंडाकृती लाइन कधी हातात आल्या तर त्यांना गोल पाइप करू नका, सॉफ्टवेअरमध्ये एग शेप आहे, फक्त उंची द्यायची, रुंदी ते स्वतः उंचीच्या दोन तृतीयांश धरतो.

आणि जिथे लेव्हल मिळतच नाही तिथे वरच्या-खालच्या मॅनहोलवरून अंदाज घ्या, पण त्या मॅनहोलच्या टॅगमध्ये (शेरा लिहायचा रकाना) ‘अंदाजे’ लिहाच लिहा. या मॉडेलवरून उद्या पाइपचा साइज ठरणार आहे, तो कमी पडला तर मैला तळमजल्यावरच्या लोकांच्या मोरीतून वर येतो, म्हणून तुमच्यानंतर फाइल उघडणाऱ्याला कुठला आकडा मोजलेला आणि कुठला भरलेला हे कळलंच पाहिजे.