टॉवरमध्ये मुलाला नेलं तर काय बिघडतं?

प्रश्न : ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. विमानाचा आवाज आला की ताटावरून उठून गच्चीत पळतो. माझे धाकटे दीर एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहेत, म्हणजे विमानतळाच्या टॉवरमधून वैमानिकांना सूचना देतात. दिवाळीच्या सुटीत त्याला एकदा टॉवरमध्ये न्या, एवढंच मी म्हटलं. ‘वहिनी, ते जमायचं नाही,’ म्हणून ते मोकळे झाले. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. दहा मिनिटं काचेतून विमानं पाहिली तर काय बिघडतं?
– एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या दिरांचं बरोबर आहे. एकतीस वर्षं मी हेच काम केलं, म्हणून ठामपणे सांगते. पण मुलाचा विरस मला कळतो, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

फेब्रुवारी २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एका कंट्रोलरने शाळेच्या सुटीत आपल्या मुलाला टॉवरमध्ये नेलं आणि चक्क माइकवर बोलू दिलं. बाप सांगेल तसं मुलगा विमानांना उड्डाणाची परवानगी देत होता. वैमानिकांनाही त्याचं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी या गृहस्थांनी आणखी एका मुलाला नेलं. पुढे ध्वनिमुद्रण बाहेर आलं, तेव्हा कंट्रोलर आणि त्याचा पर्यवेक्षक दोघांनाही कामावरून बाजूला केलं गेलं. शिक्षा जास्त झाली, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मला वाटलं नाही.

आमचं अर्धं काम ऐकण्याचं असतं. आम्ही सूचना देतो, वैमानिक ती जशीच्या तशी परत म्हणतो. त्याला रीडबॅक म्हणतात. त्यातली चूक आम्ही तिथल्या तिथे पकडायची. मुंबईत तर २७ आणि १४ या क्रमांकांच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर काय होईल, याचा विचार करा. माइकवर मूल असतं तेव्हा बापाचा कान वैमानिकाकडे नसतो, ‘माझा लेक नीट बोलतोय ना’ याकडे असतो.

मूल नुसतं बसलं तरी हेच होतं. माझी मुलगी सात वर्षांची असताना रीतसर परवानगी काढून मी तिला एका रविवारी वर नेलं होतं. बिचारी मागे बसून चित्र काढत होती. एका वैमानिकाने उंची चुकीची परत सांगितली, आणि ती पकडली शेजारच्या सहकाऱ्याने. त्या क्षणी मी तिची खाली पडलेली पेन्सिल घरंगळत कुठे गेली ते ऐकत होते. काही घडलं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणखी एक. आमच्या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर नुसती शिट्टी ऐकू येते. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली, ५८३ माणसं गेली. ‘थांबा’ हा टॉवरचा निरोप आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा दुसऱ्या विमानाचा निरोप एकाच वेळी निघाले होते, आणि उड्डाण घेणाऱ्या वैमानिकाला ते नीट ऐकूच आले नाहीत. त्या बटणाजवळ लहान बोट नको, ते यासाठी.

मुलांनी टॉवर कधीच पाहू नये, असं मात्र मी म्हणत नाही. शाळेने विमानतळाकडे रीतसर अर्ज करावा. परवानगी मिळाली तर मुलांसोबत ड्यूटीवर नसलेला माणूस असावा, माइकपासून लांब उभं राहावं. घरच्या माणसाच्या शिफ्टमध्ये मात्र नको.

तोवर दिरांना म्हणावं, एका रविवारी घरी या आणि पुतण्याला आमची भाषा शिकवा. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, सी म्हणजे चार्ली. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नाइनर’. त्याच्या हातात होकायंत्र द्या आणि गच्चीवरून पश्चिमेकडे तोंड करून उभं करा. होकायंत्रावर पश्चिम म्हणजे २७० अंश. शेवटचं शून्य काढलं की झाली धावपट्टी २७. मग दिरांनी सूचना द्यायची, त्याने रीडबॅक द्यायचा, आणि मधूनच उलटं करायचं : सूचना त्याने द्यायची, दिरांनी मुद्दाम चुकीचा रीडबॅक द्यायचा. बघा, तो किती पटकन पकडतो.