टेबलं दोन, टेबलक्लॉथ एक

(पत्राचा सारांश: पत्रलेखिका मूळची पुण्याची, राहते ओहायोत. नवरा तिथल्याच होम्स काउंटीतल्या आमिश (आधुनिक सोयींपासून दूर राहणारा ख्रिस्ती पंथ) घरातला. त्याने 19 व्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, 22 व्या वर्षी घर सोडलं. ऑगस्टमध्ये दोघं त्याच्या घरी गेले, तर त्याचं ताट वेगळ्या टेबलावर मांडलं. त्याने पुढे केलेला मिठाईचा डबा आईने हातात घेतला नाही. नंतर पाठवलेला चेकही परत आला. बाप्तिस्म्याआधीच बाहेर पडलेला धाकटा दीर मात्र सगळ्यांबरोबर जेवतो. "हे वाळीत टाकणंच झालं. कायद्याने काही करता येईल का? की संबंध तोडून टाकू?")

रागारागाने चार पानं लिहिलीस आणि तिसऱ्या पानावर, तेही कंसात, एक ओळ: "टेबलांमध्ये वीतभर फट होती, वरून टेबलक्लॉथ मात्र एकच होता." बाई गं, तुझं खरं पत्र तेवढंच आहे.

बहिष्कृत माणसाबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, हा नियम. सासूबाईंनी फट ठेवून तो पाळला आणि वर एकच कापड अंथरून लेकाला पंगतीत घेतलं. आमिश घरांतली ही जुनी युक्ती. पण करणारीला धाकधूक असते, कारण नियम मोडणाऱ्या सभासदाला चर्चपुढे कबुली द्यावी लागते, आणि अडून बसलं तर बहिष्कार तिच्यावरही येतो.

दिराचं कोडं सोपं आहे. त्याने बाप्तिस्मा घेताना गुडघे टेकून वचन दिलंच नव्हतं, मग मोडणार काय? तुझ्या नवऱ्याने दिलं होतं. ते तू "तेव्हा तो लहान होता" म्हणून उडवून लावतेस. ते लोक उडवत नाहीत.

आणि कायद्याचं मनातून काढून टाक. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा तिकडे चालत नाही. ओहायोच्याच वेन काउंटीत 1947 मध्ये अँड्र्यू योडर या शेतकऱ्याने आपल्या चर्चच्या पुढाऱ्यांवर बहिष्कारासाठी खटला भरला, जिंकला, 5,000 डॉलरची भरपाईही मंजूर झाली. पण आईच्या हातचं वाढलेलं ताट कुठलं कोर्ट मिळवून देणार?

संबंध तोडायचे नाहीत. उलट मध्ये तू उभी राहायचंस. बहिष्कार नवऱ्यावर आहे, तुझ्यावर नाही. तू त्या चर्चची कधी सभासदच नव्हतीस. त्याच्या हातून त्यांना काही घेता येत नाही, तुझ्या हातून येतं. डबा तू द्यायचा. त्याला स्वतःलाच द्यायचा असेल तर टेबलावर ठेवून मागे सरकायचं, सासूबाई उचलतील. चेक बंद. सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर गाडी तुझ्या नावावरची हवी आणि चालवायचीही तूच. तो चालवत असेल तर त्या बसणार नाहीत, आणि तो अपमान तुम्ही विनाकारण ओढवून घ्याल.

बोलण्याला बंदी नाही, पत्राला तर नाहीच. महिन्याला एक पत्र, कागदावर, नवऱ्याच्या अक्षरात. त्यात पाऊसपाणी, बागेत काय आलं, कोण आजारी आहे एवढंच. धर्मावर एक अक्षर नको. उत्तरात "परत ये" असेल. दर वेळी असेल. वाचायचं आणि पुढच्या पत्रात पुन्हा पावसाबद्दल लिहायचं. फोन बहुधा घराबाहेरच्या खोपटात असतो, तेव्हा निरोप ठेवा आणि लगेच उलट फोन आला नाही म्हणून रुसू नका.

आता कधी जायचं ते. उपासना एक रविवार आड असते. मधला रविवार पाहुण्यांचा, तोच धरा. वसंतात आणि शरदात प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणारा चर्चचा विधी) असतं आणि त्याच्या दोन आठवडे आधी नियमांची सभा, तिथे प्रत्येकाला जाब द्यावा लागतो. त्या दिवसांत जाऊन सासूबाईंना अडचणीत आणू नका. शरदातलं प्रभुभोजन कधी आहे ते पत्रातच विचारा, आणि ते उरकलं की पहिल्या मोकळ्या रविवारी निघा. मोबाइल गाडीतच ठेव, फोटो नकोत. घरात गेल्यावर "मी काय करू?" असं विचारत उभी राहू नकोस. सासूबाई टेबलक्लॉथ उलगडतील, त्याचं दुसरं टोक धर.