कुत्रा चावला, केस कोणावर?

घाटकोपरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांचा मोती लिफ्टमधे दुसऱ्या मजल्यावरच्या नऊ वर्षांच्या मुलाला चावला, पट्टा ताईंच्या हातात होता पण मोतीच्या गळ्यात नव्हता. पोलिसात तक्रार झालीय, सेक्रेटरी म्हणतायत गुन्हेगार कुत्रा आहे, इंजेक्शन देऊन संपवा. "मोतीला शिक्षा होईल का?"

ताई, मोतीवर केस होत नाही. कायद्याने आरोपी व्हायला व्यक्ती लागते, आणि प्राणी व्यक्तीत मोडत नाही. पूर्वी युरोपात असे खटले खरंच चालायचे, १३८६ मधे फ्रान्समधल्या फालेझला एका डुकरिणीने मूल मारलं म्हणून तिला माणसाचे कपडे घालून फाशी दिलं होतं. मला अजूनही ते वाचून कसंतरी होतं, तिला ना आरोप कळला ना शिक्षा.

मोतीला कळलं नाही, तुम्हाला कळत होतं. तुम्हीच लिहिलंय की दिवाळीत तो वॉचमनच्या अंगावर गेला होता, म्हणजे धोका माहीत होता आणि तरी पट्टा काढलात. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ नेमकं हेच धरतं, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जामीन मिळतो, पण हलकं घेऊ नका, २०२३ मधे गिरगाव कोर्टाने रॉटवायलर चावल्याच्या केसमधे मालकाला ३ महिने दिलेत, घटना २०१० ची होती.

सोसायटीला मोतीला मारायचा काहीही अधिकार नाही, कोणी विष घातलं तर कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे सेक्रेटरींना लेखी कळवा आणि पोच घ्या. मोतीचं रेबीजचं लसीकरण कार्ड आणि महापालिकेचं लायसन्स शोधून ठेवा, १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, पोलिसांना लेखी जबाब द्यायच्या आधी तो वकिलाला दाखवा.

पण त्याआधी आजच त्या मुलाच्या घरी जा. त्याच्या इंजेक्शनांचा सगळा खर्च द्या, कोर्टाने सांगायची वाट बघू नका. तुम्ही लिहिलंय की तो आता घाबरून जिन्याने ये-जा करतो. त्याला लिफ्ट वापरू दे, मोतीला घेऊन तुम्ही जिन्याने उतरत जा, पट्टा गळ्यात बांधून.